सहा वाजता तुझी वाट कोण बघतंय?

या महिन्याच्या टपालातून तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही नाशिकमधली. लिहिणाऱ्यांची वयं वेगळी, घरं वेगळी, पण विचारणं जवळपास एकच आहे: जगण्यात राम वाटत नाही, मन उभारी धरत नाही, काय करू? पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण तशी पत्रं सतत येतात आणि ती लिहिणारी बहुतेक तरुण मुलं असतात.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. गाव पिंपळगाव बसवंतजवळ, घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बीएस्सीनंतर नाशिकला गंगापूर रोडला रूम करून एमपीएससीची तयारी करतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. दोनदा पूर्व निघाली, दोन्ही वेळा मुख्य थोडक्यात गेली. बरोबरचा एक जण पीएसआय झाला, एक एसटीआय म्हणजे राज्यकर निरीक्षक. मी रोज पहाटे पाचला उठून मोटिव्हेशनचा व्हिडिओ बघतो आणि आरशासमोर ‘मी अधिकारी होणारच’ असं एकवीस वेळा म्हणतो. आधी बरं वाटायचं, आता म्हणताना घशात काहीतरी अडकतं. वडील म्हणतात, बागेत ये. आई काही म्हणत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर डबा पाठवते. चार वर्षं वाया गेली असं वाटतं. सगळे म्हणतात, पॉझिटिव्ह राहा, आयुष्याचं ध्येय शोध. ध्येय ठरवूनच तर इथवर आलो ना? कधी कधी रात्री वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं होईल.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते.

आधी तुझं शेवटचं वाक्य. ते तू पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलं आहेस, पण माझ्यासाठी तेच पहिलं आहे. असं वाटणं आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल किंवा ‘कसं करायचं’ इथपर्यंत विचार जात असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. रूमवर एकटा असशील तर मित्राला नाहीतर वडिलांना बोलावून घे. आणि तसं टोकाचं वाटत नसलं तरी हे बघ: दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतही गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, वाचलेलं डोक्यात राहत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून कुणीही जाऊ शकतं. तिथे जाण्याने एमपीएससीच्या फॉर्मवर काही उमटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना हीच भीती असते, म्हणून लिहिलं.

आता आरशाबद्दल. घशात जे अडकतं ते तुझ्या मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल चांगलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर माणसांना कसं वाटतं, हे त्यांनी तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना जरासं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. पटत नसलेलं वाक्य मनावर लादलं की मन उलट पुरावे काढून दाखवायला लागतं. तू ‘होणारच’ म्हणतोस आणि आतून दोन्ही मुख्य परीक्षांचे मार्क वर येतात. एकवीस वेळा म्हणतोस, तर एकवीस वेळा येतात.

व्हिडिओचंही तसंच. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ यशाच्या स्वप्नरंजनावर अनेक वर्षं काम करत आल्या आहेत. त्यांना दिसलं की इच्छा पूर्ण झाल्याचं गोड चित्र रंगवलं की अंगातली तयारी वाढत नाही, उतरते. एका प्रयोगात तर अशा कल्पना रंगवणाऱ्यांचा वरचा रक्तदाब चक्क खाली आला. शरीराला वाटतं, काम झालं. तू पहाटे पाचला लाल दिव्याची गाडी बघतोस आणि सहाला पुस्तक उघडताना जीवावर येतं, त्याचं कारण यात असावं.

त्यांनी सुचवलेली रीत साधी आहे. काय हवं ते लिहायचं, मिळालं तर काय होईल ते लिहायचं, आणि मग लगेच माझ्यातलं काय आड येतं ते लिहायचं. शेवटी ते आड आलं की मी नेमकं काय करणार ते. ‘चिकाटी वाढवीन’ असलं उत्तर नको. ‘दुपारी डबा खाल्ल्यावर फोन हातात घेतला की चार वाजतात; म्हणून जेवायला बसतानाच फोन अभ्यासिकेच्या काउंटरवर देऊन यायचा’, असं उत्तर हवं. आरशासमोरची वेळ यासाठी वापर. आणि एक वाक्य बदल. ‘अधिकारी झालंच पाहिजे, नाहीतर मी वाया’ हा हट्ट आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा रोख या ‘झालंच पाहिजे’वर आहे. त्याऐवजी असं म्हणून बघ: ‘मला अधिकारी व्हायला फार आवडेल. नाही झालो तर खूप वाईट वाटेल. तरी मी जगायला नालायक ठरत नाही.’ हे वाक्य गाजावाजा करत नाही, पण घशात अडकणार नाही, कारण ते खरं आहे.

ध्येयाबद्दल तू विचारलंस त्यात मला खरा पेच दिसतो. तू पद आणि ध्येय एकच धरलंस. पद मिळणं तुझ्या हातात पूर्ण नाही. जागा किती निघतात, कट-ऑफ कुठे लागतो, निकाल कधी लागतो, यातलं काहीच तू ठरवत नाहीस. मग त्या पदाला सगळं जगणं टांगलं की निकालाच्या दिवशी माणूस उघडा पडतो.

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल छळछावणीतून वाचले म्हणून जगाला माहीत आहेत. मला त्यांचं त्याआधीचं एक काम तुझ्यासाठी महत्त्वाचं वाटतं. मंदीच्या काळात तिथली तरुण मुलं बेकार होती आणि खचत चालली होती. फ्रँकल यांनी १९३३ साली त्यावर लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं की ही मुलं मनातल्या मनात एक हिशोब मांडतात: काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्यांनी या मुलांना वाचनालयांत, युवक संघटनांत, प्रौढांच्या वर्गांत बिनपगारी कामाला लावलं. खिसे रिकामेच राहिले, पोटातली भूक तेवढीच राहिली, पण खचलेपण हटलं. हे वाचल्यापासून मी तरुण मुलांना ‘तुझं ध्येय काय’ हे विचारणं सोडून दिलं. मी विचारते: मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता तुझी वाट कोण बघतंय?

आज याचं उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर ते महिन्याभरात बदलता येतं, त्याला निकाल लागावा लागत नाही. तुझ्याकडे काय आहे बघ. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण या गोष्टी चार वर्षं तू घोटल्या आहेस. तुमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीची मुलं असतील आणि त्यातली काही नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसत असतील. खेडगावच्या नवोदयला नंबर लागला तर त्या घराचं किती ओझं हलकं होतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या परीक्षेत बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा एवढंच असतं. पिंपळगाव नाशिकपासून लांब नाही. शनिवारी दुपारी एसटीने जा, मुख्याध्यापकांना भेट, चार मुलं घे, रविवारी सकाळीही शिकव आणि परत ये. आईचा डबा तूच घेऊन येशील. अभ्यासाचे तास कमी होतील ही भीती वाटेल. जो अभ्यास उदास मनाने बारा तास बसून होत नाही, त्यातला बराचसा ताज्या मनाने आठ तासांत होतो, हे मी अनेक मुलांमध्ये बघितलं आहे. आधी बरं वाटेल आणि मग कामाला लागू, अशी वाट बघू नकोस. १९७०च्या दशकात पीटर लुइनसन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्याच्या उपचारात हा क्रमच उलटा केला: आधी ठरलेल्या वेळी ठरलेलं काम, मनाची उभारी त्यामागून. ती पद्धत आजही वापरतात.

‘चार वर्षं वाया गेली’ म्हणतोस. तू द्राक्षवाल्याचा मुलगा आहेस. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत नुसती पानं आणि काड्या दिसतात, पण पुढचे घड त्याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यात तयार होत असतात. सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात ती हीच. ऑक्टोबर छाटणी झाल्याशिवाय ते दिसत नाहीत आणि तुझे वडील मधल्या महिन्यांना वाया गेलेले म्हणत नाहीत. ऑक्टोबरनंतरही डावणीसारखा रोग येतो, गारपीट होते, याचीही त्यांना कल्पना असते. तरी ते शेंडा मारायला वेळेवर जातात.

आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके बघ. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. मग फोटोग्राफी, गोध्र्याला स्टुडिओ काढला आणि तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले. छापखाना काढला, भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले. चाळिशीत मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला. तेव्हा वय त्रेचाळीस. पस्तिशीत त्यांना कुणी ध्येय विचारलं असतं तर सिनेमा हे उत्तर आलं असतं असं मला वाटत नाही. पण कॅमेरा, रसायनं, रेखाटन, छपाई हे सगळं हातात होतं म्हणून तो मूकपट बघताना त्यांना ‘हे मी करू शकतो’ हे दिसलं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे एकदा जाऊन ये.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाही. किती अटेम्प्ट द्यायचे ते मात्र पुढच्या पूर्वच्या आधी वडिलांसमोर बसून कागदावर लिही. वयोमर्यादा शिल्लक आहे म्हणून तोपर्यंत बसायचंच असं कुठे आहे? आणि बागेत जाणं म्हणजे हरणं, हेही मनातून काढ. बाग तोट्यात की फायद्यात, कर्ज किती, हे वडिलांना विचारलंयस का कधी? विचार. ते कदाचित याच प्रश्नाची वाट बघत असतील.

प्रश्न: माझं वय चव्वेचाळीस. आईला दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला, ती माझ्याकडेच असते. रात्रीतून उठून मी तिची कूस बदलते. भाऊ ओझरला असतो. मध्ये एका शिबिरात सांगितलं की आपण जसा विचार करतो तसंच घडतं, नकारात्मक विचार आजाराला ओढून आणतात. ताई, माझ्या मनात कधी कधी येतं की आई यातून सुटली तर बरं. माझ्या या विचारांमुळेच ती बरी होत नाहीये का?
– एक वाचक, सिडको

उत्तर: नाही. अजिबात नाही.

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली की अर्धांगवायू होतो. त्यामागे बहुतेक वेळा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाचे दोष असतात. झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते आणि नंतर मंदावते. दीड वर्षानंतर ती हळू आहे, ती या कारणाने. शेजारच्या खोलीत थकून पडलेल्या लेकीच्या मनात काय आलं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्यांनी कुणी तुम्हाला हे सांगितलं त्यांनी तुमच्यावर अन्याय केला, आणि मला त्याचा राग आला आहे.

‘आई सुटली तर बरं’ हा विचार घरी रुग्ण सांभाळणाऱ्या किती बायकांनी मला रडत रडत सांगितला आहे! त्यातली एकही आईवर माया नसलेली नव्हती. दीड वर्ष सलग झोप न झालेल्या माणसाच्या मनात तो येतोच. आला की त्याच्याशी भांडू नका, पुरावा म्हणूनही वापरू नका.

तुम्हाला आत्ता सकारात्मक विचारांपेक्षा झोपेची गरज जास्त आहे. भावाला फोन करा. ‘मदत कर’ असं मोघम म्हणू नका, त्यातून काही निघत नाही. ‘शनिवारी रात्री तू इथे झोपायला ये, दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, कशी ते मी दाखवते’ असं म्हणा. आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा.

प्रश्न: सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलगा-सून चांगले आहेत. पहिल्या शिफ्टची सवय, पाचलाच जाग येते, गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरून येतो, पेपर वाचतो आणि साडेनऊला दिवस संपतो. सगळे म्हणतात आता आराम करा. आयुष्यभर बुश आणि शाफ्ट टर्न केले, त्यात कसलं आलंय ध्येय? माप घ्यायचं व्हर्नियर अजून तेलाचा हात लावून फडक्यात गुंडाळून ठेवतो, का ते माहीत नाही.
– एक वाचक, सातपूर

उत्तर: दादा, तुम्ही व्हर्नियरला तेल लावता, यातच मला तुमचं उत्तर दिसलं.

‘बुश आणि शाफ्ट, त्यात कसलं ध्येय’ हे मात्र मला मान्य नाही. मी एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. स्त्रियांच्या वॉर्डात एक सफाईच्या मावशी होत्या, हरसूलकडच्या. सुरगाण्याहून आलेली एक म्हातारी जेवत नव्हती, पाणी पीत नव्हती. केसपेपरवर तेवढंच लिहिलेलं होतं. मावशी फरशी पुसता पुसता तिच्या कॉटपाशी थांबल्या, तिच्याच बोलीत दोन शब्द बोलल्या आणि सिस्टरना येऊन म्हणाल्या, ‘तिला लघवीचं भांडं मागायची लाज वाटते, म्हणून ती पाणीच पीत नाही.’ त्या दिवसापासून मावशी येता-जाता विचारायच्या आणि म्हातारी जेवायला लागली. मावशींच्या कामाच्या यादीत हे कुठेच नव्हतं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत संशोधकांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून असंच काही टिपलं होतं. तो लेख २००१ सालचा आहे. पगार आणि काम सारखंच, पण काही जण स्वतःला नुसते झाडू मारणारे समजत, तर काही जण रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक. हे दुसरे लोक कामापलीकडचं करायचे आणि कामात रमायचे. तुम्ही टर्न केलेला बुश कुठल्या तरी गाडीत अजून फिरतो आहे. माप चुकलं असतं तर तो बसला असता का?

निवृत्तीनंतरच्या रिकामेपणाला मी कमी लेखत नाही. जपानच्या ओसाकी भागात त्रेचाळीस हजारांहून जास्त लोकांना ‘जगण्यासारखं काही आहे असं वाटतं का’ असं विचारून सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २००८ मध्ये तो अभ्यास आला. ‘हो’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. एकाने दुसरं घडलं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण तब्येत मुळात चांगली असणारेही ‘हो’ म्हणत असतील. पण ‘आराम करा’ हा सल्ला डोळे झाकून घेऊ नये, इतकं तरी त्यातून दिसतं.

तुमच्या आसपास आयटीआयची मुलं राहतात. आयटीआय सातपूरलाच आहे. त्यांना व्हर्नियर वाचायला अवघड जातं. मेन स्केल समजतं, पण ०.०२ मिलीमीटरची रेघ कुठली जुळली ते पटकन दिसत नाही, आणि अप्रेंटिसशिपला गेल्यावर तिथे शिकवायला कुणाला वेळ नसतो. तुमच्या गल्लीतला असा एक मुलगा शोधा. क्लास काढू नका, पाटी लावू नका. एक भंगारातला शाफ्ट, तुमचं व्हर्नियर आणि ओटा पुरे. तो तीन जागी माप घेईल, तुम्ही घ्याल, दोघांचे आकडे कागदावर लिहा. रोज संध्याकाळी, त्याची सुट्टी झाल्यावर. दुसरा मुलगा आपोआप येईल. फडकं सोडून व्हर्नियर आधी झीरोला तपासून घ्या, एक वर्ष पडून आहे ते.